स्क्रीनवरची साडेचार बोटं

मला फुशारकी मारायची खोड आहे, असं माझी सासू म्हणते. आहेच. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही आहे त्याने तोंड शिवून कशाला बसावं? वसमतपासून थोड्या अंतरावर आमची छोटी पेपर मिल आहे, तिथे ड्रायरवरची स्क्रीन जोडणारी मी पहिली बाई. पहिली, आणि अजून तरी एकटीच. बाजारात कुणी ‘काय काम करतेस’ असं विचारलं तर मी ‘मिलमध्ये आहे’ एवढ्यावर थांबत नाही. भाजीवाल्याची मेथी तोलून होईपर्यंत मी त्याला स्क्रीन म्हणजे काय ते सगळं सांगून मोकळी होते.

तुम्हालाही सांगते. कागद म्हणजे सुरुवातीला नुसता पातळ लगदा. आमच्याकडे तो रद्दीचा करतात. लगदा जाळीवर पसरतो, पाणी गळतं, मग रोलांच्या दाबाखाली आणखी पिळून निघतं, आणि तरीही जो ओलावा उरतो तो वाळवायला वाफेने तापवलेले मोठमोठे लोखंडी ढोल असतात, तो ड्रायर. ओला कागद एका ढोलावरून दुसऱ्यावर फिरत जातो. तो ढोलाला घट्ट बिलगून राहावा म्हणून त्याच्या पाठीवर एक लांबरुंद कापड दाबून फिरत असतं. ती स्क्रीन. म्हणायचं कापड, पण त्यात सुताचा एक धागा नाही. पॉलिस्टरच्या तारेसारख्या धाग्यांची विणलेली जाळी, उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. वाफ तिच्यातून निघून जाते, ती स्वतः पाणी पीत नाही आणि चोवीस तास तापूनही कुजत नाही. आमच्याकडे एक स्क्रीन वर्षभर तरी चालतेच.

ड्रायरचे उस्ताद वसमतच्याच एका जुन्या मुसलमान घरातले. साठी ओलांडलेली, दाढी पांढरी, आवाज मशीनच्या वर जाणारा. सगळी मिल त्यांना चाचा म्हणते, मॅनेजरसुद्धा. त्यांच्या उमेदीच्या काळात ते परगावच्या मिलमध्ये होते, तिथे ड्रायरवर सुती कॅनव्हास असायचा. ओला झाला की जड, वाळला की आखडलेला, कडेने करपलेला. “चार महिन्यांत पोतेरं व्हायचं बेटी,” ते सांगायचे. “ही पॉलिस्टरची आली आन् आमी सुटलो.” नवी स्क्रीन आली की ते आधी तिच्यावर तळहात फिरवायचे. सासरी निघालेल्या लेकीच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

मी त्यांच्या हाताखाली गेले ती त्यांच्या डोळ्यांमुळे. त्याआधी आठ वर्षं मी रद्दीच्या यार्डात होते. वह्यांच्या पिना काढायच्या, प्लॅस्टिक वेगळं करायचं, कधी कुणाचं जुनं प्रगतिपुस्तक हाती लागलं तर दोन मिनिटं वाचायचं. स्क्रीन मशीनवर चढवल्यावर तिची दोन्ही टोकं जोडावी लागतात. दोन्ही टोकांना बारीक बारीक कड्यांची रांग असते. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तशा त्या कड्या एकमेकींत बसवायच्या आणि त्यांच्यातून एक लांब बारीक पिन आरपार ओवायची. एक कडी सुटली तर सांधा तिथे कमजोर पडतो, एक घर पुढेमागे झालं तर स्क्रीन तिरकी चालते आणि कागद सारखा तुटतो. चाचांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी मिलमधली चार-पाच तरणी पोरं बसवून बघितली. एकाचंही जमेना. “ह्यांची बोटं मोबाइलवर चालतात, कडीत न्हाई,” असं म्हणत ते यार्डात आले आणि आम्हा बायकांचे हात बघू लागले.

माझा उजवा हात बघून ते थबकले. त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं. मी हात मागे घेतला तर म्हणाले, “मागं काहून घेऊन राहिली? दाखव.” आणि खरोखरच ते बोथट अर्धं बोट कड्या दाबून धरायला असं काही कामी आलं की धडक्या बोटाने आलं नसतं. दीड वर्ष मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. तुटक्या स्क्रीनच्या तुकड्यांवर जोड-उसव, जोड-उसव. घरी भाकरी थापतानाही माझी बोटं कड्या मोजायची.

मग तो गुढीपाडवा आला.

आमची मिल तोपर्यंत खाकी कागद काढायची, खोक्यांना लागतो तो. नवा मॅनेजर बाहेरगावचा, तिशीतला, शर्टच्या खिशात कायम एक भिंग घेऊन फिरणारा. त्याने मालकांना पटवलं की आपण शाळेच्या वह्यांचा पांढरा कागद काढू. एका व्यापाऱ्याने पहिला माल बघून पुढचं काम द्यायचं कबूल केलं. पांढऱ्यासाठी मशीन आतून-बाहेरून धुतली, वरच्या ढोलांची स्क्रीन नवीकोरी मागवली, आणि मुहूर्त धरला पाडव्याचा. चाचांनी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ही स्क्रीन मी जोडणार. ते नुसते शेजारी बसणार.

मी जोडली. सकाळी बसले आणि अडीच तासांत पिन पलीकडे काढली. एक कडी चुकली नाही. चाचांनी सांध्यावरून नख ओढून बघितलं, नख कुठेच अडकलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि पूजेला नारळ आणायला बाहेर गेले. मॅनेजर मालकांशी फोनवर होता. स्क्रीनसमोर मी एकटी, आणि बाजूला पूजेचं ताट.

आता आमच्याकडची रीत सांगते म्हणजे मी काय केलं ते कळेल. हा सगळा मुलूख हळदीचा. नवी वस्तू दारात आली, मग तो ट्रॅक्टर असो, कूलर असो की शिलाई मशीन, तिच्यावर हळदीची पाच बोटं उमटवल्याशिवाय ती आपली होत नाही. ताटात हळद होती, समईचं तेल होतं. मी हळद तेलात कालवली, उजवा तळहात माखला आणि स्क्रीनच्या बरोबर मधोमध दाबला. किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आठ वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांच्या पिना उपटल्या होत्या, आणि आज ज्या स्क्रीनवर नव्या वह्यांचा कागद वाळणार तिच्यावर माझा हात होता. प्लॅस्टिकला हळद काय लागणार, दोन फेऱ्यांत वाफेने उडून जाईल, असं मला वाटलं. पोराच्या डब्याचं हळदीने पिवळं पडलेलं झाकण मी रोज घासते, पण ऐन वेळेला अक्कल गहाण पडते ती अशी.

नारळ फुटला, मशीन सुरू झाली. दुपारपर्यंत पहिलं रीळ उतरलं. पांढरा, गुळगुळीत कागद. मॅनेजरने चार हात कागद ओढून टेबलावर पसरला, आणखी ओढला, आणि तो वाकून बघू लागला. कागदावर फिकट पिवळा हात होता. पुढे पुन्हा होता. स्क्रीनचा एक फेरा झाला की एक हात. तीन बोटं, अंगठा आणि एक अर्धं बोट, अख्ख्या रिळावर.

ड्रायरवरच्या प्रत्येकाने आधी कागदाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी हात पदरात गुंडाळला. मॅनेजरला माझं बोट माहीत नव्हतं. त्याने भिंग काढून तो डाग निरखला आणि म्हणाला, “तेलाचा डाग आहे. कुणाचा तरी ग्रीसचा हात लागलाय.”   कुणी माझं नाव घेतलं नाही, चाचांनीही नाही, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजर म्हणाला, “मशीन थांबवा. स्क्रीन कॉस्टिकने धुवून घ्या.”

कॉस्टिक सोडा. इथे मी जी चूक केली ती पहिलीपेक्षा मोठी. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुंकू तसंच तर करतात. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण ‘थांबा’ म्हटलं की ‘काहून’ आलं, ‘काहून’ला उत्तर ‘हळद आहे’, आणि हळद आहे म्हणजे कुणाची? मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात जिथे बोलायला नको तिथे मी हमखास बोलले आहे, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे दातखीळ बसली. ती गोष्ट मला आजही लागते.

धुतली. मशीन सुरू केली. कागदावर हात आला तो लालभडक.

एक पोरगं चक्क दोन पावलं मागे सरलं. पांढऱ्या कागदावर रक्ताळलेला हात, अर्ध्या बोटाचा. मॅनेजर घाबरून ओरडला, “कुणाला लागलंय? मशीनमध्ये कुणाचा हात गेलाय?” आणि तो खरोखर एकेकाचे हात धरून बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ते बघून माझ्याच्याने राहवेना. मी पुढे झाले, पदरातून हात काढला आणि कागदावरच्या हातावर ठेवला. बोटाला बोट बसलं.

“कुणाला काही लागलं नाही सायेब,” मी म्हटलं. “हळद हाय. माझ्या हाताची. सोड्यानं लाल झाली. मला ठावं होतं, मी सांगितलं न्हाई.”

त्याने मशीन बंद करायची खूण केली. ओरडला असता तर बरं झालं असतं. “दुसरी स्क्रीन यायला महिना लागेल,” तो हळू आवाजात म्हणाला. “व्यापारी थांबेल का महिना? मी मालकांना काय सांगू?” मग तो चाचांकडे वळला. “उद्यापासून ताईंना यार्डात पाठवा. स्क्रीनला यांचा हात लागता कामा नये.”

यार्डात जायची मला लाज नव्हती. आठ वर्षं तिथे भाकरी खाल्ली आहे. पण ‘हात लागता कामा नये’ हे मात्र जिव्हारी लागलं. माझ्याजवळ दुसरं होतं काय? सातवीपर्यंत शिक्षण, आणि हा हात. दीड वर्षाची सगळी कमाई त्या हातात होती, आणि तोच आता विटाळल्यासारखा झाला होता.

घरी आले ती रडतच. माझी सासू ओट्यावर हळकुंडं निवडत बसली होती. तिचं सगळं आयुष्य हळदीत गेलं. लावणं, काढणं, शिजवणं, वाळवणं. तिच्या टाचांच्या भेगासुद्धा पिवळ्या आहेत. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हात चालूच होते. माझं रडणं संपल्यावर तिने मान वर केली.

“झालं का रडून? आता मला सांग, ते कापड म्हंजी आपल्या अंगणात हाये तेच ना?”

आमच्या अंगणात जुन्या स्क्रीनचा एक मोठा तुकडा होता. मिलमध्ये फाटलेल्या स्क्रीनचे तुकडे कामगारांना देऊन टाकतात. त्यावर आम्ही शिजवलेली हळद वाळत घालतो, कारण खालून हवा लागते आणि माती लागत नाही.

“तेच. ते जुनं, हे नवं.”

“मंग? त्याच्यावर दर साली आपण पोत्यानं हळद टाकतो. हळद उचलली की ते कसं दिसतंय? पिवळंजर्द. आन् नागपंचमीला कसं दिसतंय?”

मी अंगणात बघितलं. मागच्या वर्षी हळद उचलल्यावर पिवळाधम्मक झालेला तो तुकडा पुढे नुसता उन्हात पडून होता, आणि पावसाळ्यापर्यंत पांढरा झाला होता. मी रोज त्याला ओलांडून मिलमध्ये जात होते.

“हळद पान्याला भेत न्हाई, साबणाला भेत न्हाई,” सासू म्हणाली. “हळद भेती उन्हाला. लाल झालंय त्याला आधी लिंबू लाव, पिवळं व्हईल. मंग उन्हात टाक, भिजवत राहा. पिवळ्याला ऊन खातंय. चैताचं ऊन हाये आपलं, तुझ्या सायबाच्या गावचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी यार्डात न जाता सरळ मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिले, सासूला बरोबर घेऊन. पिशवीत शेजारपाजारून गोळा केलेली लिंबं. मी म्हटलं, “सायेब, तीन दिवस स्क्रीन उन्हात टाकू द्या. न्हाई निघालं तर मी यार्डात जाते, पुन्हा शब्द काढणार न्हाई.”

“उन्हात?” तो म्हणाला. “ताई, हे पॉलिस्टरचं इंडस्ट्रियल फॅब्रिक आहे. गोधडी नाही.”

माझं डोकं सटकलं. पण माझ्या आधी चाचा बोलले. “सायेब, ढोलावर हिला जेवढी गरमी लागते त्यापुढं ऊन काय चीज हाये? उन्हानं ह्या स्क्रीनचं काय बिघडणार न्हाई. सोड्यानं बिघडतं. काल आपण तिला जी तकलीफ दिली ती ऊन देणार न्हाई.” आणि ते खरंच होतं. गरम सोडा पॉलिस्टरला खातो. मॅनेजरला ते पुस्तकात माहीत असणार, कारण त्याने वाद घातला नाही. मग म्हणाला, “मशीन नाहीतरी उभीच आहे. करा.”

पिन ओढून सांधा सोडवला. ती ओवायला अडीच तास लागले होते, निघाली पाच मिनिटांत. मशीन सावकाश फिरवत स्क्रीन बाहेर घेतली, पाइपावर गुंडाळली, आणि आठ जणांनी खांद्यावरून मागच्या सिमेंटच्या आवारात नेली. स्क्रीनला घडी पडून चालत नाही. एकदा मोडली की ती खूण कागदावर येतेच. आम्ही यार्डातल्या बायकांनी आवार आधी झाडून, तीनदा धुऊन काढलं. स्क्रीन उलगडली तेव्हा ती या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गेली, आणि मधोमध माझा लाल हात.

सासू त्याच्याशेजारी बसली. मॅनेजर बघायला पुढे आला तशी ती कडाडली, “ए बाबा, जोडे काढ!” त्याने मुकाट्याने बूट काढले. तिने लिंबू कापून त्या लाल हातावर पिळलं आणि बोटांनी फिरवलं. बघता बघता अंगठा पिवळा झाला, मग एकेक बोट. मॅनेजरने भिंग काढलं आणि तो तिथेच, मोज्यांवर, उकिडवा बसला. “हे मी शिकलोय,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, “पण असं बघितलं नव्हतं.”

तीन दिवस आम्ही ती स्क्रीन राखली. साध्या पाण्याने भिजवायची, वाळू द्यायची, पुन्हा भिजवायची. चैताचं ऊन असं की सिमेंटवर पाय ठरत नव्हता. सासू छत्री घेऊन बसायची. स्वतःच्या डोक्यावर कमी, शेळ्या हाकलायला जास्त. यार्डातल्या बायका आळीपाळीने पाण्याच्या बादल्या आणायच्या, आणि येता-जाता मला चिडवायच्या, “बाई, तुझा हात लई चिवट हाये गं.” मलाही हसू यायचं. पण मनात धाकधूक होतीच. पहिल्या दिवशी पिवळा रंग तसाच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं फिका झालाय, आणि मग वाटलं की आपल्याला तसं बघायचंय म्हणून तसं दिसतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हात शोधायला गेले आणि मला तो सापडेना. जागा माहीत होती, तरी सापडेना. मी सासूला विचारलं, तिने छत्रीच्या टोकाने जागा दाखवली, तिथेही काही नव्हतं. मॅनेजर आला, बूट न सांगता काढले, भिंग लावून इंच इंच बघितलं. मग ओल्या पांढऱ्या कागदाचा तुकडा त्या जागी दाबून धरला, त्याच्यावर गरम इस्त्री फिरवली आणि उचलला. कागद कोरा होता.

सासूने मॅनेजरला सांगितलं, “पुढच्या टायमाला काही अडलं तर कुंपणाबाहेर इचारत जा. आमी काय दूर न्हाई.” त्याने हात जोडले. ती कुणापुढे हात जोडत नाही, पण त्या दिवशी तिने जोडले, आणि छत्री उचलून घरी निघून गेली. तिला हळकुंडं निवडायची राहिली होती.

स्क्रीन पुन्हा मशीनवर चढली. टोकं समोरासमोर आली. मॅनेजर म्हणाला, “चाचा, जोडून घ्या.”

मी मागे उभी होते. मला पुढे जायचं नव्हतं असं नाही, पण ‘हात लागता कामा नये’ हा हुकूम होता आणि सायबाने तो परत घेतलेला नव्हता. चाचा स्टुलावर बसले, कड्यांवर वाकले आणि तसेच वाकून राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, “सायेब, मला दिसत न्हाई. मोतीबिंदू हाये. दीड सालापासून मला कडी दिसत न्हाई. तुमाला सांगितलं न्हाई, कारण ही होती.”

 सबंध मिल तिथे जमली होती. मला चाचांचा राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. माझ्यासाठी त्यांनी स्वतःची नोकरी पणाला लावली होती.

“मग जोडणार कोण?” मॅनेजर म्हणाला.

चाचांनी पिन माझ्याकडे धरली. “धर बेटी.” आणि मॅनेजरला, “हिला बराबर माहीत हाये आता, हात कुठं लावायचा आन् कुठं न्हाई.”

 मॅनेजर बाजूला सरला. मी नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, फडक्याने कोरडे केले आणि बसले.

वापरलेल्या स्क्रीनच्या कड्या नव्यासारख्या नसतात. ढोलाची उष्णता एकदा खाल्ली की त्या आक्रसतात, एकमेकींत जायला तयार नसतात. पाडव्याला ज्या आपोआप बसल्या होत्या त्या आता एकेक समजावून बसवाव्या लागत होत्या. मी अर्ध्या बोटाने दाबायची, बाकीच्या बोटांनी ओवायची. मधे दोनदा पिन अडली, दोनदा मागे घेऊन पुन्हा घातली.  चाचा डोळे मिटून बसले होते आणि माझ्या पिनेचा आवाज ऐकत होते. साडेतीन तास लागले. पलीकडून पिनेचं टोक बाहेर आलं तेव्हा मी कुणाकडे न बघता सांध्यावरून नख ओढलं. कुठे अडकलं नाही. असं काम त्याआधी माझ्या हातून झालं नव्हतं, आणि नंतर कितीतरी स्क्रीन जोडल्या तरी झालेलं नाही. हे मी बाजारात सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. सांगत नाही.

या वेळी पूजा ढोलाच्या लोखंडी खांबाची झाली. मशीन सुरू झाली, वाफ चढली, कागद ढोलांवरून फिरत रिळावर आला. मी रिळाजवळ जाऊन उभी राहिले. सांधा कधी वरून जातो हे मला अंदाजाने कळतं. एक फेरा गेला. कोरा. दुसरा गेला. कोरा. दहापर्यंत मी मोजले आणि मग मोजणं सोडलं. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं. इतक्या लांबलचक कागदावर मी कुठेच नव्हते. मग वाटलं, असाच तर तो व्हायला हवा होता; माझ्या हाताने जोडलेला, आणि माझा हात न दिसणारा.

मॅनेजरने एक ताव कापून खिडकीकडे धरला, उलटा केला, पुन्हा धरला. “स्पीड वाढवा,” तो ऑपरेटरला म्हणाला. मला काहीच म्हणाला नाही. शेवटी मीच विचारलं, “सायेब, उद्या यार्डात जायचं का?”

त्याने ताव खाली केला. “यार्डात कशाला? पुढच्या महिन्यात खालच्या ढोलांची स्क्रीन बदलायची आहे. ती कोण जोडणार, मी? आणि चाचा, उद्या तुम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. येऊन यांच्याशेजारी बसायचं.”

चाचा मोठ्याने हसले, पोरंही हसली. मला हसता आलं नाही. मी फडकं घेऊन हात पुसायला लागले, आणि पुसताना लक्षात आलं की अर्ध्या बोटाच्या टोकावर कड्यांच्या बारीक खुणा अजून तशाच आहेत.